दादाच्या वतीनं

आमच्या घरात सगळ्यात जास्त बडबड मी करायची, आणि त्यातली निम्मी माझी नव्हती. माझा थोरला भाऊ बोलत नसे. लहानपणी उमरेडला आजोळी असताना त्याला मोठा ताप आला आणि ताप उतरला तेव्हा त्याचं ऐकू येणं गेलं होतं, असं आई सांगायची. तोवर आलेले दोन-चार शब्दही मग त्याच्या तोंडून हळूहळू सुटले. मी जन्मले तेव्हा घरात एक जण कायमचा गप्प होता आणि बाकीचे त्याच्याशी उगाच मोठ्यानं बोलायचे, आवाज चढवला की काम होईल या आशेनं. मला बोलता यायला लागलं त्याच सुमारास त्याच्याशी हातांनीही बोलता यायला लागलं. ते कोणी शिकवलं नाही. आम्ही दोघं दिवसभर एकाच खोलीत असायचो, तेव्हा कुठलं तरी बोलणं होणारच होतं. आई-बाबांना पाणी, भूक, झोप एवढ्याच खुणा यायच्या. म्हणून दादाला काय हवं, काय दुखतं, तो कशाला हसला, हे सगळं मी सांगायची. पाहुणे असोत की दवाखान्यातले डॉक्टर, लोक प्रश्न विचारताना त्याच्याकडे बघायचे आणि उत्तरासाठी माझ्याकडे. मला ते फार आवडायचं. एवढीशी पोर मी, पण मोठी माणसं माझ्या तोंडाकडे बघत थांबायची, आणि मी चार शब्दांचे चाळीस करून सांगायची.

आम्ही शहराबाहेर वाडीला राहायचो. अमरावती रोडला लागून ट्रान्सपोर्टची गोदामं होती, त्यांच्या मागच्या भाड्याच्या दोन खोल्या आमच्या. बाबा एका ट्रान्सपोर्टात बिल्ट्या लिहायचे, म्हणजे कुठला माल कुठल्या ट्रकमधून कुठे निघाला त्याच्या पावत्या. कार्बनचा निळा रंग त्यांच्या बोटांवरून कधी गेला नाही. आजूबाजूच्या खोल्यांत ड्रायव्हर, क्लीनर, कुठून कुठून आलेले एकटे पुरुष. ते झोपायला यायचे आणि उठून निघून जायचे, त्यांचे चेहरे लक्षात राहीपर्यंत बदललेले असायचे. लेकराबाळांचं घर आमचंच. फाटकाबाहेर पाऊल टाकलं की आई ओरडायची, "ट्रक मांगं येऊन राहिला, दिसत नाही का वं तुले?" शाळा लांब होती आणि शाळेतल्या मैत्रिणी शाळेतच राहायच्या. दिवाळीत करंजीची ताटं घेऊन जायलाही शेजार नव्हता. आई एकदा हौसेनं एका ड्रायव्हरच्या खोलीवर ताट घेऊन गेली, तर तिथे कुलूप होतं, आणि त्या करंज्या आम्हीच चार दिवस खाल्ल्या. तर मला दादा होता आणि दादाला मी. मी एकटी आहे असं तेव्हा मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

आवाज मात्र रग्गड. पहाटेपासून हॉर्न, टायरवर हातोडीचे ठोके, ताडपत्री ओढताना हमालांचं एका दमात ओरडणं, रिव्हर्स घेणाऱ्या ट्रकच्या मागे धावत क्लीनरचं "आने दो, आने दो". या सगळ्यात दादा शांत बसलेला असायचा, भिंतीला एक तळवा लावून. भिंतीतून त्याला ट्रक कळायचा. मला ऐकू यायच्या आधी तो मला खूण करायचा की येतोय. तळवा जमिनीकडे दाबला की माल भरलेला, तळवा वर उडवला की रिकामा. मग आम्ही दोघं खिडकीशी धावायचो आणि तो बरोबर निघायचा. गोदामांमागच्या त्या घरात, ज्याला ऐकू येत नव्हतं तोच सगळ्यात आधी सांगायचा की कोण आलं.

आमच्या खुणा आमच्याच होत्या. बाबा म्हणजे अंगठा जिभेला लावून कागद उलटायचा. आई म्हणजे कमरेला पदर खोचायचा. मी म्हणजे कानामागून खाली दोन बोटं ओढायची, माझ्या वेणीची खूण. आंबाडीची भाजी म्हणजे एक डोळा बारीक करायचा, पाटोडी म्हणजे हवेत तिरक्या वड्या पाडायच्या, आणि डाळीच्या गोळ्यांचा गोळाभात असला की दादा एका तळहातावर दुसऱ्या हातानं गोळा वळायचा आणि आईकडे बघून पोटावरून हात फिरवायचा. आई कामातून मान वर न करता म्हणायची, "हाव, करून राहिली नं बाप्पा." दादाची स्वतःची खूण मात्र नव्हती. दोघांतच बोलायचं असलं की तू आणि मी एवढ्यावर भागतं, तिसऱ्या कोणाला त्याच्याबद्दल हातांनी सांगायची वेळच कधी आली नव्हती.

पुढे मी आयुष्यभर कॉलेजात भाषा शिकवली. पहिल्या तासाला पोरं विचारायची, मॅडम, भाषा व्हायला माणसं किती लागतात? पुस्तकाप्रमाणे मी सांगायची, दोन. एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं मानायचं, झाली भाषा. निवृत्तीच्या जवळ आले तेव्हा मी ते उत्तर देणं सोडलं. दोघांत एकाचं चुकलं तर ते चुकलं हे ठरवणार कोण? दोघांपैकी ज्याला घाई नाही, तो आपलं म्हणणं सोडून देतो आणि दुसऱ्याला वाटतं आपलं किती जमतं. पोरांना यातलं फारसं कळायचं नाही आणि परीक्षेत ते यायचंही नाही.

मी सहावी-सातवीत असेन तेव्हा आमच्याकडे मॅडम आल्या. त्यांचं नाव कुमुद, पण आमच्यासाठी नुसत्या मॅडम. विद्यापीठात शिकत होत्या आणि घरात वाढलेली बहिरी मुलं आपापल्या खुणा कशा तयार करतात याचा अभ्यास करायचा होता त्यांना. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आमचं घर सांगितलं होतं. सुती साडी, खांद्याला झोळी, पायात धुळीनं पांढऱ्या झालेल्या चपला. बस चुकली म्हणून नाक्यापासून चालत आल्या होत्या. त्या बोलायच्या ते पुस्तकातल्यासारखं. "मला तुमच्या मुलांच्या खुणा बघायच्या आहेत," असं म्हणाल्या, तर आईला काही केल्या कळेना की यात बघण्यासारखं काय आहे.

"त्यात काय पाहाचं, मॅडम? लेकरं हात हालवून राहिले, दुसरं काय."

"तेच बघायचंय."

आईनं त्यांच्यापुढे पोहे ठेवले आणि त्यावर वाटीभर तर्री, तिखटजाळ लाल रस्सा, ओतली. मॅडमच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, नाक लाल झालं, पण त्यांनी बशी पुसून खाल्ली. तिथेच त्यांनी आईला जिंकलं. मलाही त्याच दिवशी जिंकलं, कारण मी जे जे करून दाखवलं ते ते त्यांना नवलाचं वाटत होतं. मी त्यांना सगळं दाखवलं. नव्हत्या त्या खुणाही आयत्या वेळी बनवून दाखवल्या. दादा भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होता आणि मॅडमनी "असंच ना?" म्हणून त्याच्याकडे पाहिलं की मान हलवत होता. आमच्या आजोबांची काय खूण, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी हातमाग चालवून दाखवला, धोटा इकडून तिकडे. आजोबा उमरेडला विणायचे हे खरं होतं. दादानं ती खूण कधी केली होती की नाही, हे मला आज सांगता येत नाही.

असे दोन-तीन रविवार गेले. रविवारची मी वाट बघायला लागले. आठवडाभर मी मनात ठरवायची की मॅडमना या वेळी काय सांगायचं. मग एका रविवारी त्या चित्रं घेऊन आल्या. पुठ्ठ्याचे तुकडे कापून त्यांवर स्वतः काढलेली, साधी, पण बघता क्षणी कळणारी. बाई पोराच्या डोक्यावर पाणी ओतते. माणूस वासरू ओढतो. पोरगं झाडावरून पडलं आणि म्हातारी धावली. सतरंजीवर दादा आणि मी समोरासमोर, मधे मॅडम. त्या एकाला एक चित्र गुपचूप दाखवणार, त्यानं ते हातांनी सांगायचं, आणि दुसऱ्यानं समोर पसरलेल्या चित्रांतून तेच उचलायचं. आई दाराशी सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. बाबांना सुट्टी होती, ते खाटेवर उताणे पडून ऐकत होते.

आधी माझी पाळी. मी सांगितलं, दादानं उचललं. मी सांगितलं, दादानं उचललं. एकही चुकलं नाही. मी अर्धवट सांगितलेलंही त्यानं ओळखलं. एकदा तर माझे हात वर जाताच त्याचा हात चित्राकडे गेला. मी बाबांकडे बघून हसले. मला वाटलं पास झाले.

मग त्याची पाळी. मॅडमनी त्याला चित्र दाखवलं. त्याचे हात भराभर फिरले, एकदा खांद्यापाशी, एकदा खाली, मग बाजूला, आणि थांबले. मी वाट पाहत राहिले. मला वाटलं अजून सांगायचंय. त्यानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा सांगायला हात उचलले, या वेळी सावकाश आणि वेगळ्या तऱ्हेनं. मॅडमनी बोट वर केलं. "एकदाच सांगायचं. पुन्हा नाही." ते त्याला कसं कळलं कोण जाणे, पण लगेच कळलं. त्यानं हात मांडीवर ठेवले. मी अंदाजानं एक चित्र उचललं, पोरगं मडकं चोरून पळतंय ते. मॅडमनी ते परत जागेवर ठेवलं. पुढचं चित्र. तसंच. त्याच्या पुढचं. तसंच. एखाददुसरं बरोबर आलं असेल, पण ते कुठलं हेही मला कळलं नाही. आईचं सूप थांबलं होतं.

माझं आणि दादाचं सगळं बोलणं त्या एका नियमानं मोडलं. घरी तो मला कधी एकदाच सांगत नसे. एकदा सांगायचा, माझा चेहरा बघायचा, दुसऱ्या तऱ्हेनं सांगायचा, मग आणखी सोपं करून. शेवटी मला कळेल एवढंच उरेपर्यंत तो कमी करत जायचा, आणि त्या उरलेल्याला मी म्हणायची की दादा असं म्हणाला. मला ते तोवर दिसलंच नव्हतं. कसं दिसणार? मला तर वाटायचं की आम्ही बोलतोय.

शेवटचं चित्र मला अजून आठवतं, कारण ते चुकल्यावर मॅडमनी खरं चित्र माझ्या चित्राशेजारी ठेवलं. एक बाई दारात उभी राहून पोराच्या हातात मडकं देतेय. मी पुन्हा चोरीचंच चित्र उचललं होतं. मॅडमनी माझं चित्र दादापुढे धरलं आणि भुवया उंचावून विचारलं, तू हे सांगितलंस का? दादानं चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझे डोळे भरले होते. आणि त्यानं मान हलवली, हो. तीच मान, जी तो रोज हलवायचा. डॉक्टरांपुढे मी त्याच्या पोटात दुखतं म्हणून सांगायची तेव्हा, पाहुण्यांपुढे मी त्याचं हसू कशाचं ते सांगायची तेव्हा, आई विचारायची तुला हाच सदरा आवडला ना तेव्हा. ती मान हलवून तो सांगत होता की जाऊ दे, चालेल. मला वाटलं, मी या पोराला ओळखतच नाही. एवढ्या वर्षांत तो काय काय बोलला असेल आणि ते कुठे गेलं असेल?

मॅडमनी चहा घेता घेता सगळं बाबांना समजावलं. आवाज हळू होता, पण दोन खोल्यांत लपायला जागा कुठली? "त्याला तिचं सगळं कळतं. तिला त्याचं फार थोडं कळतं. तो तिच्यासाठी सोपं करून सांगतो. हुशार मुलगा आहे हो. पण त्याला त्याच्यासारखी चार मुलं भेटली नाहीत, तर तो असाच सोपं करत राहील आणि एक दिवस करायचंही सोडून देईल." शहराच्या दुसऱ्या टोकाला बहिऱ्या मुलांची शाळा होती, तिथे वसतिगृह होतं, एक जागा रिकामी झाली होती.

आई माझ्याकडे बघत म्हणाली, "म्हणजे इतके दिवस आमच्याशी ही पोट्टीच बोलून राहिली होती?"

तिनं ते रागानं म्हटलं नव्हतं. ती खरंच विचारत होती. राग परवडला असता.

बाबा खाटेवर उठून बसले. "वसतिगृहात? कोण पाहीन तिथी त्याले? त्याले काय पाह्यजे, काय नाही, कोण सांगीन?"

"तो स्वतः सांगेल," मॅडम म्हणाल्या.

"अन् इथी काय कमी आहे त्याले? बहीण आहे, माय आहे."

मी मधेच म्हटलं, "त्याले नाही जायचं." दादा माझ्याकडे पाठ करून चित्रं गोळा करत होता. मॅडमनी एवढंच विचारलं, "त्याला विचारलंस?" आणि मी आत जाऊन पाणी प्यायले. माझ्या मनात दुसरं काही नव्हतंच. तो गेला तर त्या दोन खोल्यांत मी कोणाशी बोलणार होते? आई कामात, बाबा गोदामात. दादा गेला असता म्हणजे माझं सगळं गाव उठून गेलं असतं. त्याच्या भल्याचं वगैरे मला सुचलं नाही, मला माझं सुचलं.

दोन दिवसांनी बाबांनी अर्धी रजा टाकली आणि आम्ही शाळा बघायला गेलो. दादाला काय चाललंय ते समजवायला कोणी हवं, म्हणून मलाही घेतलं. मॅडम फाटकाशी उभ्या होत्या. वर्गांच्या खिडक्यांतून दिसत होतं की मुलं आरशापुढे बसून ओठ हलवतायत आणि बाई त्यांचा हात आपल्या गळ्यावर ठेवून आवाज कसा निघतो ते दाखवतायत. वर्गात हात हलवायला बंदी होती, त्या काळी तीच रीत होती. मुलांचे हात मांड्यांवर दडपलेले होते. बाबांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं असेल की याच्यासाठी कशाला इतक्या लांब यायचं.

मग मधली सुट्टी झाली. घंटा कशाला असणार, एका शिपायानं बटण दाबलं आणि दिवे उघडझाप झाले. मुलं बाहेर आली आणि सगळ्यांचे हात एकदम सुटले. ते मैदान मी विसरू शकत नाही. शंभरभर पोरांची बडबड, भांडणं, थट्टा, आणि कानाला फक्त धुळीत फिरणारे पाय. कोणी लांब भिंतीपाशी उभं राहून या टोकाच्या पोराची खोडी काढत होतं. एक पोरगी दुसरीला काही सांगत होती आणि बघणाऱ्या चार जणी पोट धरून हसत होत्या. मला एक अक्षर कळत नव्हतं. मी बाबांचा सदरा धरून उभी होते. मला कोणी काही विचारलं नाही आणि मला कोणाला काही सांगता आलं नसतं.

दादाच्याच वयाचा एक पोरगा त्याच्यापाशी आला आणि त्यानं हातांनी काहीतरी विचारलं. दादा गडबडला. त्यानं आमच्या खुणांत काहीतरी उत्तर दिलं. पोराला कळलं नाही. मी पुढे सरकले, आता मला बोलावतील म्हणून. पण त्या पोरानं डोकं खाजवलं आणि तेच वेगळ्या तऱ्हेनं विचारलं. दादानंही वेगळ्या तऱ्हेनं सांगितलं. पोरानं पुन्हा विचारलं, या वेळी दादाचीच एक खूण उचलून, जरा चुकीची. दादानं त्याचे हात धरून ती नीट करून दिली. मग पोरानं त्याला आपली एक शिकवली. दोघंही सोपं करत होते, दोघंही पुन्हा पुन्हा सांगत होते, आणि कोणालाच घाई नव्हती. थोड्या वेळानं दादा हसला. त्याच्या हसण्याला आवाज असायचा, घरी तो आवाज दाबायचा. तिथे त्यानं दाबला नाही.

परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी बसला, माझ्याकडे न बघता. मांडीवर त्याचे हात हळूहळू हलत होते. आज शिकलेलं गिरवत होता.

दादा आता आजोबा झाला आहे. शहरातल्या महाल भागात त्याचं घर आहे. रविवारी त्याच्याकडे त्याच्या शाळेतले दोस्त जमतात आणि खोलीभर हात चाललेले असतात. मी जाते कधी कधी. मला बघून दादा उठतो, खुर्ची देतो, आणि माझ्याशी बोलताना त्याचे हात अजूनही हळू होतात. मी त्यांची भाषा पुढे शिकले, त्यावर लिहिलं, परिषदांत बोलले, पण गप्पा रंगल्या की मी मागे पडते. मग त्याची नात माझ्याशेजारी येऊन बसते आणि मला सांगते, आत्याआजी, आबा असं म्हणून राहिले. ती चार शब्दांचे चाळीस करून सांगते. दादा तिच्याकडे बघतो आणि मान हलवतो. घरी परत आल्यावर माझ्या फ्लॅटमध्ये लिफ्टचा आवाज तेवढा असतो.

शाळा बघून आलो त्या संध्याकाळी आईनं गोळाभात केला होता. दादाला आवडतो म्हणून केला असावा, तिनं तसं काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाला घेऊन आलात तर जागा तुमची, नाहीतर दुसरा मुलगा वाट बघतोय, असं शाळेनं सांगितलं होतं. आम्ही चौघं जमिनीवर जेवायला बसलो. आईनं भातावर गरम तेल घातलं, त्याचा चर्र आवाज झाला.

बाबांनी पहिला घास हातात धरूनच ठेवला. मग मला म्हणाले, "विचार त्याले. जाचं आहे का नाही. तो म्हणीन तसं करू."

"मॅडमले बोलवा," मी म्हटलं. "मले नाही समजत त्याचं."

"मॅडम कुठून आणू आता? तूच विचार."

आई म्हणाली, "विचार नं वं." तिचा आवाज ओला होता. ती माझ्याकडे अशी बघत होती की मला कळलं, तिलाही माझ्यासारखंच हवंय. मी काहीही सांगितलं असतं तरी त्या रात्री त्या घरात चाललं असतं. दादा नाही म्हणतो, एवढंच मला म्हणायचं होतं, आणि सगळे सुटले असते. दादासुद्धा, त्याच्या सवयीप्रमाणे, मान हलवून मोकळा झाला असता.

मी दादाच्या गुडघ्याला हात लावला. त्यानं वर पाहिलं. मी विचारलं. आरसा दाखवला, दिवे उघडझाप केले, दूर बोट केलं, मग जमिनीकडे, इथे. जायचं की राहायचं? प्रश्न सरळ विचारला. तेवढं मी केलं.

त्याच्या बोटांना भात होता. त्यानं ती ताटाच्या कडेला पुसली आणि तो बोलायला लागला. तो एवढं कधी बोलला नव्हता. हात भराभर फिरत होते, आमच्या खुणा आणि आज शिकलेल्या, सगळं एकत्र. कुठे बाबा आले, कुठे आई, एकदा माझी वेणी आली, आणि पुढे काय ते निसटलं. मला कळलं नाही. त्यानं माझा चेहरा पाहिला. मी वाट पाहिली, आता तो पुन्हा सांगेल, सोपं करून. त्यानं सांगितलं नाही. तो उठला, दाराशी गेला, बाबांच्या चपला उचलून आणल्या आणि त्यांच्या ताटासमोर जोडीनं मांडल्या. मग स्वतःच्या आणल्या आणि त्यांच्याशेजारी ठेवल्या.

जेवणाच्या ताटापुढे चपला ठेवल्या म्हणून आमच्या घरात एरवी केवढा गहजब झाला असता. आईनं तोंडाला पदर लावला. बाबा त्या चपलांकडे बघत बसले. मग त्यांनी घास ताटात ठेवला आणि मान वर करून थेट दादाकडे पाहिलं. हाताच्या निळ्या बोटांनी खिडकीबाहेरचा अंधार दाखवला, मग तळवा सावकाश वर नेला, दिवस उगवतो तसा.

"आता नाही गा," ते त्याला म्हणाले. "सकाळी. सकाळी जाऊ."

दादाला ते कळलं. तो परत येऊन बसला आणि त्यानं भाताचा गोळा फोडला. बाबा काय म्हणाले ते त्याला सांगायला मी हात वर केला होता. तो मी खाली घेतला आणि जेवायला लागले.